चार दिवस, दीडशे सीसी आणि चौदा गावांची यादी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चिंचवडला राहता, सहा वर्षं जुनी दीडशे सीसीची गाडी आहे, दिवाळीनंतर चार दिवस सुट्टी जमतेय आणि नवरा-बायको दोघांनी जुनी गावं बघत निवांत फिरायचंय. सोबत चौदा ठिकाणांची यादी दिलीये. सासवडपासून सुरुवात, पन्हाळा आणि नरसोबाची वाडी करून परत. प्रश्न दोन आहेत: यासाठी साडेतीनशेची गाडी घ्यावी का, आणि रोज अडीचशे किलोमीटर झेपतील का.

झेपतील. दीडशे सीसीवरही झेपतील. पण तुम्ही प्रश्नात 'निवांत' हा शब्द तीनदा लिहिलाय, आणि तुमच्या यादीत तो कुठे बसतच नाही. अडचण गाडीची नाहीये, हिशोबाची आहे. करून बघा. राज्यमार्गावर दोघं बसून, गावागावातले गतिरोधक, चहा, पाठ मोकळी करायला थांबणं हे सगळं धरलं तर ताशी पस्तीसच्या वर सरासरी पडत नाही. म्हणजे अडीचशे किलोमीटरला सात तास. नोव्हेंबरात सहाला अंधार पडतो. सकाळी सातला निघालात तरी उजेडाचे अकरा तास. त्यातून सात गेले, जेवणाखाण्याचा दीड गेला. राहिले अडीच तास, त्यात साडेतीन-चार ठिकाणं. एका गावाला चाळीस मिनिटं. त्यातली दहा गाडी लावण्यात, हेल्मेट-बॅगा सांभाळण्यात आणि चपला कुठे काढायच्या ते विचारण्यात जातात.

मी हे स्वतः केलंय म्हणून बोलतोय. गॅरेज सुरू करून थोडे पैसे हातात आल्यावर पहिली मोठी चक्कर मारली, दोन दिवसांत नऊ ठिकाणं. आज त्या नऊपैकी पाच गावांचं मला काहीही आठवत नाही. आठवतो तो फक्त दुसऱ्या दिवशीचा संध्याकाळचा परतीचा रस्ता, आणि त्याबद्दल खाली लिहितोच. त्यानंतर गेली सतरा-अठरा वर्षं दर हिवाळ्यात दोन-तीन चकरा होतात, कधी आम्ही दोघंच, कधी चार-पाच गाड्या. दर वर्षी अंतर कमीच होत गेलंय. हल्ली दिवसाला सव्वाशेच्या वर मी आखतच नाही.

आता हे तुम्हाला लागू पडेल की नाही, ते काही गोष्टींवर आहे. तुम्हाला मुळात गाडी चालवण्याचीच हौस असेल, गावं हे निमित्त असेल, तर माझं पुढचं सगळं सोडून द्या आणि खुशाल अडीचशे मारा, त्यातही मजा आहे. वहिनींना मागे बसायची सवय किती, हाही प्रश्न आहे. शहरात अर्धा तास बसणं वेगळं आणि दिवसभर बसणं वेगळं. पुढचा माणूस हँडल धरून असतो, त्याला पुढचा खड्डा दिसतो. मागच्याला तो थेट कण्यात कळतो. निघायच्या आधी एका रविवारी दोघं शंभर किलोमीटर जाऊन या. रात्री कुणाची कंबर काय म्हणते त्यावर ठरवा.

मी कशाच्या जोरावर आखतो ते आधी सांगतो, मग मार्ग सांगतो. माझा नियम एकच आहे: आधी खोली, मग गाव. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला मुक्कामाच्या गावात शिरायचं, लॉज बघायचा, सामान उतरवायचं, गाडी फाटकाच्या आत लावायची, बूट काढून चपला घालायच्या आणि पायी बाहेर पडायचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळा फरक इथेच पडतो. बॅगा लादलेली गाडी देवळाबाहेर उभी केली की दोघांपैकी एक जण आत आणि एक जण गाडीपाशी. आत गेलेल्याचंही लक्ष बाहेर. आणि जुनं गाव गाडीवरून दिसतच नाही. बोळ, वाड्यांचे दिंडी-दरवाजे, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं हे सगळं चालणाऱ्याला दिसतं. शिवाय गाव बघायच्या वेळा दोनच, दिवेलागण आणि सकाळी सहा ते आठ. दोन्ही वेळा फक्त मुक्काम करणाऱ्याला मिळतात. दुपारी बारा वाजता कुठलंही ऐतिहासिक गाव म्हणजे ऊन, एसटी स्टँड आणि मोबाईलची दुकानं.

म्हणून तुमच्या यादीतली कोल्हापूरकडची बाजू मी सरळ कापतो. ती पुढच्या सुट्टीला. चार दिवसांत पुणे–फलटण–सातारा–वाई–भोर–पुणे असं एक वर्तुळ करा. पुण्यापासून मोजलं तर सगळं मिळून चारशेच्या आत बसतं.

पहिल्या दिवशी चिंचवडहून पहाटे निघा, सहाच्या आत हडपसर मागे पडलं पाहिजे. दिवे घाटातून सासवड. हा पालखी मार्ग आहे आणि त्याच्या रुंदीकरणाचं काम टप्प्याटप्प्यानं चालू असतं, त्यामुळे खडी आणि वळवलेला रस्ता गृहीत धरूनच चला. सासवडला नाश्ता, आणि कऱ्हा-चांबळीच्या संगमावरचं संगमेश्वर. पायऱ्या चढून जा, तिथून नदीचं वळण दिसतं. सोपानदेवांची समाधी आहे, पुरंदऱ्यांच्या वाड्याचा किल्ल्यासारखा दरवाजा आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली वारले ते इथेच, त्यांची समाधीही सासवडला आहे. दोन तास द्या, पुरे.

जेजुरीबद्दल दोन गोष्टी. एक, रविवार आणि सोमवती अमावास्या टाळा, आणि मार्गशीर्षातली चंपाषष्ठीही. तुमची तारीख दिवाळीनंतरची आहे म्हणून हे मुद्दाम कॅलेंडरात बघा. दोन, हेल्मेटं हातात घेऊन गड चढू नका. ज्या दुकानातून भंडार-खोबरं घ्याल त्याच दुकानात हेल्मेटं आणि जॅकेटं ठेवा, कुणी नाही म्हणत नाही. जॅकेट तर ठेवाच. माझ्या राखाडी जॅकेटाच्या शिवणीत सात वर्षांपूर्वीचा भंडारा अजून आहे, तीन वेळा धुऊनही. वर जाऊन आलात की नीरा ओलांडून लोणंद, आणि दुपारी फलटण. लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब लागतो, ज्ञानोबांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. वारीच्या दिवसांत हा अख्खा रस्ता वारकऱ्यांचा असतो. कार्तिकात मात्र मोकळा मिळतो.

फलटणला लोक मुक्काम करत नाहीत, पुढे निघून जातात. मी करतो. नाईक निंबाळकरांचं संस्थान, शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणी सईबाई याच घराण्यातल्या. राजवाडा आहे, समोर राममंदिर, थोड्या अंतरावर जबरेश्वराचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ. महानुभावांची तर ही दक्षिण काशी, त्यांची मंदिरं गावात आहेत. हे सगळं पायी, दीड-दोन तासांच्या फेरफटक्यात होतं. संध्याकाळी राममंदिराच्या आवारात नुसतं बसा. मी एकदा तिथे तासभर बसलो तर शेजारी आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी मला गावातल्या जुन्या पेठांची नावं सांगितली, आणि मग रात्री जेवायला कुठे जायचं आणि कुठे अजिबात जायचं नाही तेही. नकाशात यातलं काही नसतं.

दुसरा दिवस सगळ्यात लांबचा, सव्वाशेच्या आसपास. साडेसहाला फलटण सोडा. दुधेबावीच्या पुढे मोगराळे घाट लागतो. घाट लहानसाच, पण वर पोचलात की गाडी बाजूला घेऊन मागे वळून बघा. खाली फलटणचं कालव्याच्या पाण्यावरचं हिरवं सपाट रान, ऊस आणि मका. आणि समोर माण तालुक्याचा माळ, बाभळी आणि खुरटं गवत. एका घाटात पाण्याचं जग संपतं. शिखर शिंगणापूर याच बाजूला आहे. चैत्रात सासवडकडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटाच्या कड्यावरून दोरांनी वर चढवतात ती इथेच. तुम्ही काल ज्या सासवडला नाश्ता केलात तिथली माणसं ही कावड खांद्यावर घेऊन पायी इथवर येतात, हे त्या घाटात उभं राहिल्यावर जरा वेगळंच वाटतं.

माणच्या रस्त्यावर मेंढरं भेटणार. हॉर्न वाजवू नका, कळप फुटतो आणि निम्मी मेंढरं तुमच्याच चाकाखाली येतात. पहिल्या गिअरवर या, धनगराच्या हाताकडे बघत राहा, तो वाट करून देतो. घाईच नाही तर त्रास कसला. आणि एक व्यावहारिक गोष्ट वहिनींसाठी: दहिवडी ते वडूज ते औंध या पट्ट्यात बायकांसाठी बरी स्वच्छतागृहं कमी आहेत. दहिवडीला मोठ्या पेट्रोल पंपावर किंवा बऱ्या हॉटेलात थांबून घ्या. आम्ही पुरुष हे आखणीत धरतच नाही आणि मग मागे बसलेलं माणूस पाणीच पीत नाही, दुपारी डोकं धरतं.

औंध हे या फेरीतलं माझं आवडतं गाव. नकाशावर ठिपका आहे, पण औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली संग्रहालय उभं केलं आणि त्यात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. औंधचा हा राजा स्वतः चित्रकार होता, सूर्यनमस्काराचा प्रचारक होता, आणि १९३९ साली त्यानं राज्यघटना करून कारभार प्रजेच्या हाती दिला. एवढ्याशा आडगावात हे सगळं! किमान दोन तास ठेवा. फक्त साप्ताहिक सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात आणि दार बंद बघून परत फिरणं फार जिवावर येतं. मी फिरलोय.

औंधला राहायची सोय मोजकी आहे, म्हणून रात्री साताऱ्याला या. हा मुक्काम मी नाइलाजानं सांगतोय, सातारा काही आता लहान गाव राहिलं नाही. पण रहिमतपूर-कोरेगावकडून येताना शहराच्या अलीकडे कृष्णा-वेण्णेचा संगम लागतो, माहुली. उजेड असेल तर तिथे अर्धा तास थांबा. घाटावर देवळं आहेत, साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे, त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही आहे. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. मग साताऱ्यात जेवण, कंदी पेढे आणि झोप.

तिसरा दिवस वाचून हसाल. सातारा ते वाई, वाटेत लिंब. सगळे मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. माझ्याबरोबर पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण इथे विचारतो, "एवढंच?" आणि परतल्यावर त्याला आठवतो तो हाच दिवस.

लिंबची बारामोटेची विहीर महामार्गापासून जवळ आहे. सकाळी आठच्या आत पोचा. वरून बघितलं तर शेतात एक खड्डा, बाकी काही नाही. पायऱ्या उतरायला लागलात की दहाव्या-बाराव्या पायरीला हवा बदलते, एकदम गार, ओलसर, पारव्यांचा आवाज घुमतोय. मग कमान, कमानीवर वाघ आणि शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), आणि पुढे विहिरीच्या पोटात बांधलेला छोटा महाल. शिलालेख सांगतो की श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली. अष्टकोनी विहीर, खोली साधारण शंभर-एकशेदहा फूट. वर आलात की मोटा लावायच्या जागा मोजा. दगडावर हात फिरवून बघा, खाच कुठे आहे ते बोटाला कळतं. बारा मोटा एका वेळी चालताना इथे केवढा आवाज असेल, हे मी दर खेपेला मनात ऐकायचा प्रयत्न करतो. काठाला कठडा सगळीकडे नाही, पाय सांभाळून.

लिंब फाट्यावरून महामार्गावर येताना एक कळकळीचं: पाचशे मीटर वाचवायला सेवा रस्त्यावर उलट्या दिशेनं घुसू नका. तिथले सगळे घुसतात. तुम्ही पुढच्या पुलाखालून वळा.

अकराच्या सुमाराला वाई. खोली घ्या, जेवा, चक्क झोपा. चारला उठून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा, मागच्या दारानं खाली उतरलं की कृष्णेचा घाट. मेणवली दप्तर म्हणून इतिहासाच्या पुस्तकात जे वाचलं असेल ते याच वाड्यातलं. घाटावर एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात आहे, जवळ जाऊन बघितली तरच दिसते. मी गेलो होतो तेव्हा गावातली एक बाई तिथे धुणं धूत होती. तिचा पोरगा मला म्हणाला, "काका, वाजवा की, कुणी काही म्हणत नाही." मी हळूच टोला दिला. आवाज देवळातल्या घंटेसारखा नाही, खालचा आणि लांब; पाण्यावरून पलीकडे जाऊन परत आल्यासारखा वाटतो. बाईनं वर बघितलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला वाईत परत, गणपती आळीच्या घाटावर. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. पुढून सगळेच बघतात, तुम्ही मागून बघा: मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, पुराचं पाणी फाटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. नदीकाठी बांधायचं तर नदीला काय हवं ते आधी बघणारा कारागीर. वाईत असे सात घाट, सात आळ्यांचे, आणि थंडीच्या अखेरीस कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीनं होतो. कधी जमलं तर त्या दिवसांत या. मराठी विश्वकोशाचं काम चाललं ते याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. सकाळी सहाला परत घाटावर जा. संध्याकाळचे आणि सकाळचे लोक वेगळे असतात.

चौथ्या दिवशी परत महामार्गानं खंबाटकी उतरून येऊ नका. वाईहून मांढरदेवीचा घाट चढून भोरला उतरा. रस्ता अरुंद आहे, वळणं आवळ आहेत, पण गर्दी नाही. पौषातल्या काळूबाईच्या यात्रेत मात्र इकडे फिरकू नका. भोरला राजवाडा आहे, बघायला मिळेलच असं नाही, कधी चित्रीकरण असतं. नीरेच्या पुलावर उभे राहा, जेवा आणि चारच्या आत पुण्यात शिरा.

आता गाडी. साडेतीनशे घ्यायची हौस असेल तर घ्या, पण या फेरीचं कारण सांगून घेऊ नका. या रस्त्यांवर पन्नासच्या वर वेगानं जाण्यासारखं फारसं नाही आणि पन्नासला दीडशे सीसीची गाडी दोघांना घेऊन आरामात चालते. उलट हलकी गाडी बोळात वळवायला, लॉजच्या उंबऱ्यावरून आत घ्यायला सोपी. घाटात फक्त एक लक्षात ठेवा: ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा. मांढरदेवीच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे मी पाहिलेत, आणि तापून वास मारणाऱ्या त्यांच्या ब्रेकवर पाणी ओतणारेही. ओतू नये, थांबून गार होऊ द्यावं.

दोघं आणि सामान म्हटलं की मागचा शॉकअब्सॉर्बर एक-दोन खाचा घट्ट करा, आणि मागच्या चाकात हवा दोन माणसांसाठी जी सांगितलेली असते ती भरा. आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. हवा सकाळी, चाक गार असताना. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल. म्हणजे निघताना एकदा, परत आल्यावर एकदा, मध्ये काही नाही. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची एकेक जादा केबल जुन्या केबलच्या बाजूनेच टेप लावून टाकून ठेवा. तुटली तर फक्त टोकं बदलायची, अख्खी ओवायची गरज नाही. गॅरेजमध्ये वीस वर्षं काढल्यावर सांगतो, सुट्टीच्या दिवशी आडगावात इंजिन कुणाचंच मोडत नाही, केबल तुटते नाहीतर चाक बसतं. तुमचं टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चरचं किट आणि छोटा पंप पुरतो. ट्यूब असेल तर जादा ट्यूब घ्या. खोलून देणारा मेस्त्री प्रत्येक एसटी स्टँडपाशी सापडतो, मापाची ट्यूब सापडत नाही.

सामान दहा किलोच्या आत. दोन्ही बाजूंच्या पिशव्या सारख्या वजनाच्या, सायलेन्सरच्या बाजूची चार बोटं दूर. पाठीवर सॅक अजिबात नको, ना तुमच्या ना वहिनींच्या. पन्नास मिनिटांनी थांबायचंच, दमलो नसलो तरी. दमल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो.

आणि आता तो परतीचा रस्ता, वर म्हटलं होतं तो. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, एकामागे एक दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, लाल पट्टी असली तर चिखलानं माखलेली. त्या संध्याकाळी साडेसातला मी सत्तरच्या वेगानं येत होतो. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपले, ट्रक गेला आणि माझ्यासमोर दहा हातांवर उसाची भिंत. ट्रॉली नुसती चालत नव्हती, पंक्चर होऊन उभी होती. उजवीकडे कशी घेतली मला माहीत नाही. उसाचं एक वाढं हेल्मेटच्या काचेला घासून गेलं, त्याचा ओरखडा होता. ती काच मी बरेच दिवस बदलली नाही. तेव्हापासून कारखान्याच्या हंगामात सहानंतर माझी गाडी उभी असते. फलटण-लोणंद हा सगळा ऊसपट्टा आहे. दिवसाही ट्रॉलीतून पडलेल्या वाढ्यांवर ब्रेक दाबू नका, टायर सरकतं. सव्वाशेचा आग्रह धरतो त्यामागे हेही एक कारण आहे: वाटेत पंक्चर झालं, संग्रहालयात जास्त रमलात, कुणी गुरुजी भेटले, तरी उजेडात पोचता.

नकाशाचं ॲप वापरा, पण ते सुचवेल तो "सहा मिनिटं जलद" रस्ता घेऊ नका. एकदा लोणंदजवळ त्याच्या नादानं आम्ही कालव्याच्या कडेच्या गाडीवाटेला लागलो. पाऊण तास चिखल, एका बाजूला पाणी, वळायला जागा नाही. पानटपरीवर विचारा, "मोठी गाडी जाते का त्या रस्त्यानं?" एसटी जात असेल तर तुमची गाडी जाईल.

खोल्यांचं: आधी ऑनलाइन ठरवलं तरी जाऊन खोली बघूनच पैसे द्या, आणि गाडी रात्री आत घेतात का ते विचारा. दोघांची आधार कार्डं बरोबर ठेवा. गाडीचे कागद मोबाईलमध्ये डिजिलॉकरला चालतात, पीयूसीची मुदत तेवढी बघा.

एवढं करून तुमच्या चौदातली सहा-सात गावं होतात. राहिलेल्यांपैकी कऱ्हाडपासून खाली वेगळी फेरी होते, ती तुमचं हे वर्तुळ झाल्यावर विचारा, तेव्हा लिहीन.

तोवर एक काम करा. गाडी सहा वर्षांची आहे म्हणालात, टायर कधी बदललं ते लिहिलं नाहीत. मागच्या टायरच्या बाजूला चार आकडे एका लंबगोलात कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल. त्याचा फोटो टाका. साल गाडीच्याच खरेदीचं निघालं, तर नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, निघायच्या आधी टायर बदलावं लागेल.